अख्खे दाणे देवाला

मी गर्विष्ठ आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाचा गैरसमज व्हायला नको. आमच्या चर्चच्या महिला मंडळात मला पाठीमागे ‘इन्स्पेक्टर’ म्हणतात. मला ते ठाऊक नाही असं बायकांना वाटतं. मला पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर ते नाव मला आवडतं. मंडळाची चिटणीस होऊन मला अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत आमची शनिवारची सभा कधी उशिरा सुरू झालेली नाही, आणि तेही नाशिकरोडला, जिथे पाचला बोलावलं की माणसं पाच वाजता साडीला इस्त्री करायला घेतात.

आमच्या मंडळात एक जुनी रीत आहे. भाताला तांदूळ काढले की ते धुण्याआधी त्यातली एक मूठ देवाच्या डब्यात टाकायची. ज्या घरात दोन्ही वेळा भात होतो तिथे दिवसाला दोन मुठी, जिथे भाकरी जास्त तिथे आठवड्याला तीन-चार. टाकताना लांबलचक प्रार्थना करायची नाही. ‘प्रभू, हे तुझं’ एवढं म्हटलं की झालं, कारण चुलीवर आधण खोळंबलेलं असतं. शनिवारी सगळ्या बायका आपापले डबे चर्चशेजारच्या खोलीत घेऊन येतात. तिथे धुतलेली चादर अंथरलेली असते. तिच्यावर सगळ्यांचे तांदूळ एकत्र ओततात. कोलम, इंद्रायणी, आंबेमोहोर, रेशनचा, सगळ्यांचा एकच ढीग होतो. मग गप्पा मारत तो निवडायचा, पिशव्या भरायच्या आणि ज्या घरांची ओढाताण चालली आहे त्यांना द्यायच्या.

ती घरं कोणती, याची यादी चिटणीस करते आणि सभेत मोठ्याने वाचते. बाहेरच्या माणसाला हे वाचणं क्रूर वाटतं, माझ्या जावेला तर अजूनही वाटतं. पण एकेक नाव वाचलं की सगळ्या मिळून त्या घरासाठी प्रार्थना करतात, आणि त्या घरची बाईसुद्धा तिथेच मान खाली घालून बसलेली असते आणि सगळ्यांबरोबर ‘आमेन’ म्हणते. आमच्या आधीच्या बायकांनी हे असंच ठरवलं होतं. गुपचूप दिलं तर घेणाऱ्याला चोरासारखं वाटतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

माझा डबा मंडळात सगळ्यांत मोठा. दोन किलोचा, स्टीलचा, घट्ट झाकणाचा. मुठीमुठीने तो आठवड्यात भरत नाही हे मला कळत होतं, म्हणून मी सरळ ओंजळीने टाकायचे. शनिवारी झाकण उघडलं की तांदूळ काठोकाठ दिसले पाहिजेत, आणि ते कोलमच दिसले पाहिजेत, हा माझा हट्ट. चिटणीस झाल्यावर मी पहिला नियम केला तो असा, की देवाच्या डब्यात तुकडा चालणार नाही. कणी, किडके, कुबट तांदूळ आणायचे नाहीत. देवाला द्यायचं तर घरातलं उत्तम द्यावं. हा नियम मला आजही चूक वाटत नाही. तो मी कसा चालवला, ते मात्र सांगायला हवं.

एकदा देवळालीच्या बाजूची एक नवी सून डबा घेऊन आली. नुकतं लग्न झालेलं, मंडळात तिसरा की चौथा शनिवार. झाकण काढलं तर निम्मी कणी आणि वर दोन-चार किडे फिरताहेत. मी सगळ्यांच्या देखत झाकण लावलं आणि डबा तिच्या हातात परत दिला. म्हटलं, “हे कोंबड्यांना घाला.” तिचे कान लाल झाले. पुढे दोन महिने ती सभेला आली नाही. आमच्या धर्मगुरूंच्या, म्हणजे पाळकसाहेबांच्या, पत्नी पाळकबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “ताई, जरा दमानं घ्या.” मी म्हटलं, “बाई, देवाच्या कामात दम कसला?” असा माझा तोरा होता.

डबे उघडून चादरीवर ओतायचं काम एका म्हाताऱ्या मावशींकडे होतं. मावशी मूळच्या हरसूलकडच्या, डोंगरातल्या. तिकडे सगळी भातशेती, त्यामुळे लावणीपासून कांडण्यापर्यंत भाताचं सगळं काम त्यांनी केलेलं. नवरा गेल्यावर त्या नाशिकला आल्या आणि लोकांच्या घरी धुण्याभांड्यांची कामं करत राहिल्या. मूठभर तांदूळ हातात घेऊन नुसते अंगठ्याने चोळले की ते नवे की जुने, गिरणीत कोंडा नीट निघाला की नाही, हे त्या सांगायच्या. त्यांचं घर गेली आठ वर्षं आमच्या यादीत होतं. तरी शनिवारी सगळ्यांच्या आधी येऊन चादर झटकायला त्याच हजर. “घेते तर करायला नको?” असं म्हणायच्या. मी त्यांच्याशी गोड बोलायचे. देणारा घेणाऱ्याशी बोलतो तसं गोड. हे आता लिहिताना मला लाज वाटते.

एका वर्षी गणपती बसायच्या आठवड्यात माझे मिस्टर पडले. ते सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मशीनवर होते, ठेकेदारामार्फत, चौदा वर्षं. सकाळी कंपनीच्या बसमधून उतरताना त्यांचे पाय दुमडले. घरी आल्यावर हसत म्हणाले, “मुंग्या आल्यात पायाला.” आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि इमारतीला लिफ्ट नाही. त्या संध्याकाळी त्यांना दुसऱ्या जिन्यावर बसावं लागलं. दुसऱ्या दिवशी हातातून चहाचा कप निसटला. तिसऱ्या दिवशी श्वास लागला.

डॉक्टरांनी सांगितलं, हा नसांचा आजार आहे. ताकद पायांपासून वर वर जात राहते. श्वासापर्यंत आली की मशीन लावायचं आणि वाट बघायची. बहुतेकांची ताकद परत येते, पण कधी येईल, किती येईल हे कोणी सांगू शकत नाही. मिस्टर सव्वीस दिवस मशीनवर होते. शुद्ध होती, डोळे हलत होते, बाकी काही नाही. मी आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून देवाला माझी सेवा ऐकवत होते. मी तुझ्यासाठी हे केलं, ते केलं, कधी शनिवार चुकवला नाही, कधी डबा अर्धा आणला नाही. विनवणी अशी मी करतच नव्हते. मी त्याला जाब विचारत होते. चर्चच्या मंडळीतले लोक येत, माझ्या शेजारी बसून प्रार्थना करत, जाताना विचारत, “ताई, काही लागलं तर सांगा बरं.” मी म्हणायचे, “सगळं आहे. फक्त प्रार्थना करा.”

सत्ताविसाव्या दिवशी घशातली नळी काढली. मिस्टर दिवसभर बोललेच नाहीत. मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, “बस गेली का?” मी हसले आणि मग इतकी रडले की नर्सने मला बाहेर बसवलं.

डिसेंबर लागायच्या आधी त्यांना घरी आणलं. मान धरत होती, बोटं थोडी हलत होती, पाय अजून आमचे नव्हते. इमारतीतल्या चार पुरुषांनी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून तीन मजले वर आणलं. खालच्या मजल्यावरचे बँकेतले भाऊ सगळ्यांत पुढे होते. वर पोचल्यावर त्यांनी धापा टाकत “जय भीम” केला, मिस्टरांनी आम्हा ख्रिस्त्यांचा “सलाम” केला, आणि मग दोघंही हसले. डॉक्टरांनी सोडताना मला स्पष्ट सांगितलं होतं, “नसा जाग्या व्हायला लागल्यात. आता पुढचे सहा-आठ महिने सगळ्यांत महत्त्वाचे. चांगलं खायला घाला आणि व्यायाम करून घ्या. यात हयगय झाली तर माणूस खुर्चीतच राहील.” माझे मिस्टर परत पायांवर उभे राहणार की नाही, आता हा एकच प्रश्न घरात उरला होता.

आणि घरात काही नव्हतं. ठेकेदाराचा माणूस कामावर असेल तरच पगार. माझा शिवणक्लास मी तीन महिने बंद ठेवला होता, त्यातल्या मुली दुसरीकडे गेल्या होत्या. मुलगी बारावीला. माझा भाऊ फोनवर म्हणाला, “मी येऊ का?” मी म्हटलं, “कशाला? सगळं व्यवस्थित आहे.” रेशनच्या दुकानातून तांदूळ मिळत होता तेवढाच. त्या दिवसांतला तांदूळ अगदी हलका, निम्मा तुकडा.

आता मी काय केलं ते ऐका. मी तो तांदूळ चाळणीने चाळायला लागले. चाळणीवर राहिलेले अख्खे दाणे देवाच्या डब्यात, खाली पडलेली कणी आमच्या पातेल्यात. डबा होता दोन किलोचा आणि तो शनिवारी काठोकाठ भरलेला दिसला पाहिजे होता. म्हणजे महिन्याच्या रेशनमधला निम्माशिम्मा तांदूळ, आणि तोही चांगला, मंडळात जायचा. उरलेल्या कणीची मी पेज करायचे. वरून थोडं मीठ, असलं तर तूप. ती मिस्टरांना चमच्याने भरवायचे. मला वाटायचं, मी विश्वासाने वागते आहे. संकटात सुद्धा देवाचा वाटा कमी केला नाही असं एक दिवस चर्चमध्ये सगळ्यांसमोर साक्षीत सांगता येईल, हेही मनात होतंच. साक्षीची वाक्यंसुद्धा मी जुळवून ठेवली होती.

मुलगी एकदा ताट बघून म्हणाली, “आई, आपण काय खातो ते देवाला माहीत आहे का गं?” मी तिला रागावले.

जानेवारीत डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मांड्या दाबून बघितल्या, वजन बघितलं आणि माझ्याकडे वळले. “नसा परत येताहेत. पण अंगावर काही नाहीच. हा माणूस उभा कशाच्या जोरावर राहणार? खायला काय देता?” मी म्हटलं, “सगळं देते. डाळ, अंडी, दूध.” मिस्टर खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होते. त्यांनी मला खोटी पाडली नाही. घरी येताना रिक्षात फक्त म्हणाले, “अंडं मात्र लपवून ठेवतेस वाटतं.” ते असेच बोलतात, कधी आवाज चढवत नाहीत. मला त्या क्षणी ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

तरीही पुढच्या शनिवारी माझा डबा काठोकाठ भरलेलाच गेला.

सोमवारी दुपारी दारावर थाप पडली. दार उघडलं तर मावशी. सत्तरीच्या पुढची बाई तीन जिने चढून आली होती, कठड्याला धरून उभी होती, तोंडातून शब्द फुटत नव्हता. मी पाणी दिलं. त्या पाणी प्यायल्या, पलंगावरच्या मिस्टरांना सलाम केला आणि सरळ स्वयंपाकघरात गेल्या. मी काही म्हणायच्या आत त्यांनी गॅसवरच्या पातेल्याचं झाकण उचललं.

“हां,” त्या म्हणाल्या. “हितं हाय व्हय तुकडा.”

मी चिडले. “मावशी, हे काय? दुसऱ्याच्या घरात...”

“गप बस. तुझ्या डब्यातला तांदूळ मी दोन महिने बघते हाय. रेशनचा हाय त्यो. रेशनच्या तांदळात तुकडा नाय, असं कधी आसतं का? एक दाना मोडका नाय. मंग म्हनलं, तुकडा जातो कुठं? कोन खातं?” त्यांनी पळी पातेल्यात बुडवून पेज वर धरली. “ह्यो खातो. आजारी मानूस. देवाला चाळून देतीस आन् नवऱ्याला चाळनीखालचं घालतीस?”

“देवाला उत्तमच द्यायचं असतं,” मी म्हटलं. माझा आवाज माझा मलाच कसातरी वाटला.

“देवाला?” मावशी म्हणाल्या. “देव कुठं खातो तांदूळ? म्या खाते. तुझ्या डब्यातलं दोन महिने म्या खाल्लं. तुझ्या नवऱ्याच्या तोंडातलं. मला सांगितलं आसतंस तर म्या घेतलं आसतं का?”

इतकी वर्षं मी तांदूळ वर आकाशात कुठेतरी पोचवत होते. ते कोणाच्या तरी पातेल्यात शिजतात, एक म्हातारी बाई ते खाते, हे माझ्या डोक्यात कधी नीट शिरलंच नव्हतं. माझ्या गर्वामुळे माझा नवरा खुर्चीत राहणार होता आणि वर त्या म्हातारीच्या माथी नकळत ते पाप येणार होतं.

मावशी ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. मग जरा हळू आवाजात म्हणाल्या, “शनिवारी यादीत तुझं घर घाल.”

“नाही.”

“का?”

“मी चिटणीस आहे, मावशी.”

“म्या आठ वर्सं तुझ्या हातून घेते. मला लाज नाय वाटली. मला लाज वाटावी असं तुला वाटत व्हतं का?”

मी जमिनीवर बसले. मला तेव्हा फार राग आला होता, पण तो कोणावर आहे हे कळत नव्हतं. बाहेरच्या खोलीतून मिस्टरांचा आवाज आला, “मावशी, तिला चहा टाकायला सांगा. आणि तुम्ही बसा.” त्यांना सगळं ऐकू जात होतं.

त्या आठवड्यात मी चारदा यादी लिहिली आणि चारही वेळा आमचं घर वगळलं. शुक्रवारी मिस्टर पलंगावर उठून बसायला धडपडत होते. मी कमरेला आधार दिला तेव्हा माझ्या हाताला त्यांच्या बरगड्या लागल्या, एकेक मोजता येईल अशा. मी त्यांना नीट बसवलं, आत गेले आणि यादीच्या शेवटी आमचं घर लिहिलं.

शनिवारी सभेला सोळा-सतरा बायका होत्या. मी उभी राहून वाचायला लागले. एक घर वाचायचं, थांबायचं, प्रार्थना, आमेन, पुढचं घर. सात घरं झाली. नेहमी सातच असायची, त्यामुळे बायका चादरीकडे सरकायला लागल्या होत्या. मी म्हटलं, “अजून एक आहे.” मी कागदाकडे बघत राहिले. आठ वर्षं, दहा वर्षं दुसऱ्यांची नावं मी अशी खणखणीत वाचली होती की रस्त्यावर ऐकू जावीत. शेवटी कागद खाली ठेवला आणि म्हटलं, “आठवं घर माझं.”

सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि पाळकबाईंनी प्रार्थनेला सुरुवात केली. त्यांनी मिस्टरांच्या पायांसाठी प्रार्थना केली, गुडघे, घोटे, एकेका सांध्याचं नाव घेऊन. मग दुसरीने केली, मग तिसरीने. प्रत्येक घराला एक प्रार्थना ही आमची रीत. त्या दिवशी आमच्या घराला पाच-सहा झाल्या. मी ‘आमेन’ म्हटलं. त्या खोलीत इतक्या वर्षांत आपल्या घरासाठी मी प्रथमच आमेन म्हणत होते.

सभा संपल्यावर ती देवळालीची सून माझ्याकडे आली, जिचा डबा मी परत पाठवला होता ती. माझ्या हातात एक पिशवी दिली. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली डझनभर अंडी. म्हणाली, “ताई, तुम्ही सांगितलं होतं तसं मी कोंबड्यांना घातलं.” तिचा चेहरा इतका सरळ होता की ती टोमणा मारते आहे की काय हे कळायलाच मला वेळ लागला. मग तिलाच हसू फुटलं. मावशी चादर गोळा करता करता खो-खो हसल्या. मी तिची माफी मागितली, सगळ्यांच्या देखत, कारण डबा परत केला होता तोही सगळ्यांच्या देखतच. पुढे दर शनिवारी ती अंडी आणत राहिली, आणि दर वेळी “कोंबड्या तुमची आठवण काढतात” असं म्हणायची. मी ते गुमान ऐकून घेतलं.

मिस्टरांच्या ताटात पहिल्यांदा ते चादरीवरचे तांदूळ आले तो दिवस मला चांगला आठवतो. असा भात ज्याने खाल्ला नसेल त्याला सांगते, तो कधी एकसारखा शिजत नाही. इंद्रायणी मऊ होऊन चिकटते तोवर जुना कोलम अजून टणक असतो, आणि मध्येच आंबेमोहोराचा वास येतो. कितीही पाणी कमीजास्त करा, उपयोग नाही. मिस्टरांनी एक घास चावला, दुसरा चावला आणि म्हणाले, “आज आपण किती घरी जेवतोय गं?” मग तो आमचा खेळच झाला. हा चिकट दाणा पाळकबाईंचा, हा लांबडा मंडळातल्या शिक्षिकाबाईंचा, हा जाडा आपल्यासारख्याच कोणाचा तरी. ओळखलेल्या घरासाठी ते घास तोंडात असतानाच पुटपुटून प्रार्थना करायचे. मुलगी म्हणायची, “पप्पा, आधी गिळा.” ती हसायला लागली होती, हे मला मोठं वाटत होतं.

डाळ आली, शेंगदाणे आले. मंडळीतले दोन भाऊ आळीपाळीने सकाळी येऊन व्यायाम करून घ्यायला लागले, कारण मिस्टरांचं वजन मला आणि मुलीला पेलत नव्हतं. शिवणक्लास परत सुरू झाला, आधी दोन मुली, मग पाच. फेब्रुवारीत मिस्टर पलंगाच्या कडेला पाय सोडून बसले. मार्चमध्ये दोघांच्या खांद्यावर उभे राहिले. ईस्टरच्या आठवड्यात भिंतीला धरून संडासापर्यंत गेले आणि आतून ओरडले, “पोचलो!” आमच्या इमारतीत कोणी असं ओरडलं नसेल. मूठ मात्र मी तेव्हाही टाकत होते. चाळत नव्हते. पातेल्यात जे जाईल तेच डब्यात, तुकड्यासकट, आणि डबा घेतला अर्ध्या किलोचा.

देव विश्वासू आहे, हे मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आले. चर्चच्या रविवारच्या शब्बाथशाळेत मी ते लहान मुलांना शिकवलं आहे. पण माझ्या मनात त्याचा विश्वासूपणा असा होता, की तो माझं कोणाला कळू न देता निभावून नेईल. मी त्याच्याकडे तशीच मदत मागत होते, झाकून, माझी मान ताठ ठेवून. त्याने ती तशी दिली नाही. त्याने ती तीन जिने चढवून, धापा टाकत, माझ्या पातेल्याचं झाकण उचलायला पाठवली. मी दवाखान्यातल्या बाकावर बसून त्याला जाब विचारत होते तेव्हाही तो माझ्याच शेजारी येऊन बसत होता, आणि “काही लागलं तर सांगा” असं रोज विचारत होता. मी त्याला रोज “सगळं आहे” म्हणून परत पाठवत होते. हे कळायला मला फार वेळ लागला, आणि ते कळलं तेव्हा मला स्वतःचं हसू आलं.

ऑगस्टातल्या पहिल्या रविवारी मिस्टर काठी घेऊन चर्चला आले. त्या आधी पाळकसाहेब घरी येऊन त्यांना प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस, देत होते. त्या दिवशी मिस्टर म्हणाले, मी इतरांसारखा पुढे जाऊन गुडघे टेकून घेणार. मी म्हटलं, “अहो, उभ्याने घ्या, कोणी काही म्हणणार नाही.” त्यांनी ऐकलं नाही.

आमच्या चर्चमध्ये पुरुष उजवीकडे बसतात आणि बायका डावीकडे. ते पुरुषांच्या रांगेतून पुढे गेले, वेदीपुढच्या कठड्याला धरून हळूहळू खाली गेले आणि गुडघे टेकले. खाली जाणं सोपं होतं. भाकर घेतली, प्याला घेतला. त्यांच्या रांगेतले बाकीचे उठून परत गेले. हे उठले नाहीत. त्यांनी दोन्ही हात कठड्यावर ठेवले, जोर केला, अर्धे वर आले आणि परत खाली बसले. पुढची रांग येऊन मागे उभी होती. एका भावाने काखेत हात घालायला पुढे केला. मिस्टरांनी मान हलवली, नको. मी जागेवरून उठले होते. मावशींनी माझा पदर धरून मला खाली बसवलं.

दुसऱ्यांदा जोर केला. पाय थरथरताना मला माझ्या जागेवरून दिसत होते. परत खाली. पाळकसाहेब हातात प्याला धरून थांबले. पेटीवाल्याने पेटी थांबवली. अख्खं चर्च थांबलं होतं, आणि कोणाला घाई नव्हती. माझ्या कॉलनीत, माझ्या नातेवाइकांत मी पुष्कळ मानाची माणसं पाहिली आहेत, पण एका माणसाला स्वतःच्या पायांवर उठायला लागतो तितका वेळ देणारी एवढी माणसं एका ठिकाणी मी पाहिली नव्हती. ती माझी माणसं होती. आम्हाला त्यांनी सात महिने जेवू घातलं होतं. त्या पायांत त्यांचे तांदूळ होते, अंडी होती, आणि कोणाच्या तरी घरचं चाळणीखालचंही होतं. मला त्यांचा, मिस्टरांचा आणि माझ्या देवाचा इतका अभिमान वाटला की मला माझ्या गर्वाची आठवणही राहिली नाही.

तिसऱ्यांदा ते उठले. एक पाय उभा केला, मग दुसरा, मग कठड्यावरचे हात सोडले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आमच्यात प्रभुभोजनाला टाळ्या वाजवत नाहीत. फक्त मागच्या रांगेतून कोणीतरी मोठ्याने श्वास सोडला.

ते वळले. पुरुषांतला त्यांचा बाक मागे, दूर होता आणि पाय थकले होते. मग ते सरळ डावीकडे, बायकांच्या बाजूला आले आणि आमच्या बाकाशी येऊन थांबले. घामाने शर्ट भिजला होता. माझ्याकडे बघून म्हणाले, “थोडी सरक.”

मी सरकले. मावशी सरकल्या, ती देवळालीची सून सरकली, पाळकबाई सरकल्या, सगळा बाक सरकला.